आवाज आमचा, मालकी कुणाची? : स्टॅक्स रेकॉर्ड्सच्या निमित्ताने

१

दलित साहित्याची चर्चा अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याचे नाव घेतल्यावाचून पुरी होत नाही. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा परिचय मराठीत घडवला आणि रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लँग्स्टन ह्यूज ही नावे चळवळीतल्या तरुणांना घरची वाटू लागली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. ही देवघेव आपल्या अभिमानाची आहे. तरीही तिच्यात एक गोष्ट राहून गेली असे मला वाटते. काळ्यांची पुस्तके आपण वाचली, त्यांचे गाणे आपण फारसे ऐकले नाही. ते गाणे कोणी ध्वनिमुद्रित केले, कोणी विकले, त्याचा पैसा कुठे गेला, हा प्रश्न तर आपल्याला पडलाच नाही.

याचे कारण आपल्यातच आहे. आपल्या स्वतःच्या गाण्याकडेही आपण साहित्य म्हणून क्वचित पाहिले. कवितेसाठी आपण नियतकालिके काढली, संमेलने भरवली, सौंदर्यशास्त्राचे वाद घातले. भीमगीत मात्र जयंतीच्या मांडवाला आणि सहा डिसेंबरच्या फुटपाथला देऊन टाकले. ज्या गाण्याने अक्षरशत्रू माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार नेला, त्या गाण्याची समीक्षा आपल्याकडे किती झाली? जी झाली ती बहुतेक गौरवाची झाली. त्या गाण्याच्या मालकीचा हिशोब कोणी मांडला नाही.

मी कल्याण परिसरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या घरात पुस्तके नव्हती, पण टेपरेकॉर्डर होता. माझे मामा रेल्वेत खलाशी होते. दिवसा कारखान्यात हातोडा आणि रात्री गायन पार्टीत पेटी, असे त्यांचे आयुष्य गेले. ठाणे, मुंब्रा, कळवा, उल्हासनगर, अंबरनाथ, टिटवाळा, जिथून सुपारी येईल तिथे पार्टी जायची. १९९० नंतरच्या दशकात मुंबईच्या एका कॅसेट कंपनीने त्यांना बोलावले. एका दिवसात आठ गाणी झाली. दोन गाणी मामांनी स्वतः लिहिलेली होती. रोख बिदागी हातात पडली आणि एका इंग्रजी कागदावर सही झाली. कॅसेट निघाली, दादरच्या फुटपाथवर विकली गेली आणि मामांचा फोटो असलेले ते वेष्टन आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बरीच वर्षे लावलेले होते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने त्या जुन्या कॅसेटवरचे एक गाणे वडिलांच्या फोटोसह यूट्यूबवर टाकले. दुसऱ्याच दिवशी सूचना आली की या गाण्याचा हक्क दुसऱ्या कुणाचा आहे. ज्या कंपनीसाठी मामा गायले होते ती केव्हाच बंद पडली होती. तिचा माल कुणी घेतला, तो पुढे कुणाकडे गेला, याचा आम्हाला पत्ता लागला नाही. मी मामांना हे समजावून सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे माझंच गाणं मी चोरलं, असं म्हणत्यात का रं ते?” या प्रश्नाला माझ्यातल्या प्राध्यापकाजवळ उत्तर नव्हते.

त्याच सुमारास मी अमेरिकेतील स्टॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीचा इतिहास वाचत होतो. मामांच्या प्रश्नाला त्या इतिहासात पूर्ण उत्तर मिळत नाही. परंतु तोच प्रश्न कितीतरी मोठ्या आकारात तिथे उभा आहे. म्हणून हा लेख.

२

स्टॅक्सचा जन्म टेनेसी राज्यातल्या मेम्फिस या शहरातला. मिसिसिपी नदीकाठचे, कापसाच्या व्यापारावर वाढलेले हे शहर. गोऱ्यांची आणि काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळ्या. आपल्या गावकुसाची आठवण करून देणारी ही रचना होती. १९५७ मध्ये जिम स्ट्यूअर्ट नावाच्या एका गोऱ्या माणसाने सॅटेलाइट या नावाने छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. तो बँकेत कारकून होता आणि फावल्या वेळात गोऱ्यांच्या ग्रामीण संगीतात फिडल वाजवीत असे. काळ्यांच्या गाण्याची त्याला त्या वेळी फारशी ओळख नव्हती. त्याची मोठी बहीण एस्टेल ॲक्स्टन हिने राहते घर गहाण ठेवून भावाला ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन दिले. पुढे १९६१ मध्ये या दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरे जोडून ‘स्टॅक्स’ हे नाव झाले.

१९६० मध्ये कंपनीने मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवरचे एक बंद पडलेले सिनेमागृह भाड्याने घेतले. कंपनीचे भवितव्य या जागेने ठरवले, कारण ही वस्ती काळ्यांची होत चालली होती. सिनेमाच्या पडद्याच्या जागी ध्वनिनियंत्रणाची खोली झाली. खुर्च्या काढल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. दर्शनी भागात जिथे पूर्वी खाऊ विकत तिथे एस्टेलने रेकॉर्डचे दुकान थाटले. वस्तीतली पोरे दुकानात येत, रेकॉर्ड ऐकत, नाचत. नवे गाणे बाजारात धाडण्यापूर्वी एस्टेल ते या पोरांना ऐकवी आणि त्यांचे पाय हलतात की नाही ते पाही. समीक्षकाचे काम वस्तीच करीत होती.

आणि वस्तीतून माणसे आत येऊ लागली. रूफस थॉमस हा कापडाच्या कारखान्यात कामगार होता आणि रेडिओवर निवेदनही करीत असे. त्याने आपली मुलगी कार्ला हिच्याबरोबर गायलेल्या रेकॉर्डने कंपनीला पहिले यश दिले. शाळेत शिकणारा बुकर टी. जोन्स जवळच राहत होता. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर पुढे मोठा गीतकार झाला. जमीनमालकाच्या शेतात अर्धेलीने राबणाऱ्या कुटुंबातला, कापूस वेचत वाढलेला आयझॅक हेज त्याचा जोडीदार बनला. १९६२ मध्ये ओटिस रेडिंग हा जॉर्जियातला तरुण दुसऱ्या कलावंताची मोटार चालवत आला. त्या दिवशीचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळात त्याला गायला दिले आणि पुढची पाच वर्षे तो या कंपनीचा सर्वांत मोठा आवाज झाला.

स्टुडिओतला मुख्य वाद्यवृंद म्हणजे बुकर टी. आणि त्याचे साथीदार. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून त्यांत दोघे काळे आणि दोघे गोरे होते. ज्या शहरात हे चौघे एका हॉटेलात शेजारी बसून जेवू शकत नव्हते, त्या शहरात ते रोज एका खोलीत बसून एक गाणे घडवत होते. हे दृश्य कोणालाही हेलावून टाकेल. परंतु एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. खोलीत समता असली तरी खोलीच्या मालकीत समता होती का, हे पाहिले पाहिजे.

३

आधी गाण्याविषयी बोलले पाहिजे. अर्थकारणाच्या नादात कलेला विसरणे हाही एक अन्यायच आहे.

त्याच काळात उत्तरेकडच्या डेट्रॉइट शहरात मोटाऊन ही दुसरी कंपनी वाढत होती. तिचा मालक बेरी गॉर्डी हा काळा होता. घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन १९५९ मध्ये त्याने सुरुवात केली. मोटाऊनने आपल्या गायक-गायिकांना उभे कसे राहावे, बोलावे कसे, पोशाख कसा करावा याचे रीतसर शिक्षण दिले. गोऱ्या घरातल्या दिवाणखान्यात आपले गाणे गेले पाहिजे, ही त्यामागची जिद्द होती आणि ती सफल झाली. मोटाऊनच्या गाण्यावरचा हात सफाईचा आहे. स्टॅक्सचे गाणे मात्र खडबडीत राहिले. मागे गोड आवाजातला कोरस सहसा नाही. त्याच्या जागी पितळी वाद्यांचा थेट फटका. ढोलाचा ठेका किंचित मागे रेंगाळतो, जणू चालणारा माणूस ओझे सावरून पाऊल टाकतो आहे. उतरत्या जमिनीच्या त्या मोठ्या खोलीतला घुमारा गाण्यात उतरतो. ओटिस रेडिंगच्या आवाजात शब्द पुरेनासे होतात तेव्हा तो तेच अक्षर पुन्हा पुन्हा उगाळतो आणि त्या उगाळण्यातच अर्थ येतो.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत राहणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. डोंबिवलीत उतरलो की सभागृहात शास्त्रीय संगीत आणि भावगीत ऐकणारा जाणकार श्रोतृवर्ग भेटतो. तिथून दोन स्टेशने पुढे कल्याणात आलो की वालधुनीच्या आणि कोळसेवाडीच्या बाजूला एप्रिल महिन्यात रात्रभर ढोलकी आणि बेंजो ऐकू येतो. अंतर दहा मिनिटांचे आहे. परंतु एका गाण्याला ‘संगीत’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘कार्यक्रम’. सुरांचा लगाव, शब्दांचा मुलायमपणा, श्रोत्यांची शांतता हे निकष पहिल्या गाण्यातून काढलेले आहेत, आणि दुसऱ्याला त्यांच्यावरच तोलले जाते. भीमगीताचा गायक वरच्या पट्टीत, गळा ताणून गातो. कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याला ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानभर माणसांपर्यंत पोचावे लागले. त्याच्या श्रोत्यांना गाण्याच्या मधेच जयघोष करायचा असतो. तो व्यत्यय नसून त्या गाण्याचाच भाग असतो. जलशाची, सवाल-जवाबाची, कव्वालीच्या मुकाबल्याची रीत या गाण्यात मुरलेली आहे.

स्टॅक्सचा धडा असा की खडबडीतपणा हा शिक्षणाचा अभाव नसतो. त्यामागे निवड असते, श्रम असतात. मात्र या निवडीला निवांत जागा लागते. मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवरच्या वादकांना पुढे आठवड्याचा पगार मिळू लागला. तेच वादक वर्षानुवर्षे एकत्र बसले. गाणे चुकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येत होते. आमच्या मामांची आठ गाणी एका दिवसात झाली, कारण स्टुडिओचे भाडे तासावर होते. त्यांची पार्टी स्टुडिओत नेलीच नाही. तिथले तयार वादक होते, तयार चाली होत्या. कॅसेटवरच्या त्या गाण्यांत आणि मामांच्या मांडवातल्या गाण्यांत जो फरक मला लहानपणीही जाणवायचा, त्याचे कारण आता कळते. भीमगीताच्या कॅसेट ऐकून ‘सगळ्या सारख्याच’ म्हणून नाक मुरडणाऱ्या समीक्षकाने हे भाडे आधी मोजावे.

४

आता मालकीकडे वळू. स्टॅक्सची पहिली गाणी चालू लागली तेव्हा न्यूयॉर्कच्या अटलांटिक या मोठ्या कंपनीने ती देशभर वितरित करण्याचे काम घेतले. सुरुवातीला हा व्यवहार तोंडी विश्वासावर होता. १९६५ मध्ये त्याचा लेखी करार झाला. जिम स्ट्यूअर्टने तो नीट न वाचता सही केली. बँकेत नोकरी केलेला, इंग्रजी ही मातृभाषा असलेला, गोरा माणूस. त्यानेही विश्वासावर सही केली.

१० डिसेंबर १९६७ रोजी ओटिस रेडिंगचे विमान विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यात कोसळले. तो २६ वर्षांचा होता. त्याच्याबरोबर बार-केज या स्टॅक्सच्याच वाद्यवृंदातली चार तरुण पोरे गेली. त्याच वर्षी अटलांटिक कंपनी वॉर्नर-सेव्हन आर्ट्‌सला विकली गेली होती. नव्या मालकांशी बोलणी करायला स्ट्यूअर्ट बसला आणि तेव्हा करारातले ते कलम उघडे पडले. अटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या सगळ्या गाण्यांच्या मूळ टेपा अटलांटिकच्या मालकीच्या होत्या. १९६० पासूनचे सगळे काम, ओटिस रेडिंगचा सगळा आवाज, एका सहीने गेला होता. सॅम आणि डेव्ह ही लोकप्रिय जोडीही अटलांटिककडून उसनी दिलेली होती. तीही परत गेली. ओटिसने मृत्यूच्या काही दिवस आधी गायलेले गाणे १९६८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. त्याच वर्षी त्याची कंपनी रिकाम्या हाताने उभी होती.

आणि तेही वर्ष असे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिसमध्ये कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १३०० काळे सफाई कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावरून चालले. त्यांच्या पाठिंब्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्ज्यात त्यांची हत्या झाली. हे लॉरेन मोटेल म्हणजे काळ्यांना उतरता येईल अशी जागा. स्टॅक्सचे गोरे आणि काळे कलावंत तिथेच एकत्र बसून गाणी रचत. गटारात उतरून आजही मरणाऱ्या आपल्या माणसांची आठवण ठेवणाऱ्या वाचकाला मी यावर वेगळे भाष्य सांगण्याची गरज नाही. एवढेच म्हणतो की त्या हत्येनंतर त्या खोलीतली समता पूर्वीसारखी राहिली नाही. बाहेरचा प्रश्न आत आला.

५

यानंतर स्टॅक्सचा दुसरा जन्म झाला आणि तो अल बेल या काळ्या माणसाच्या हातून झाला. रेडिओ निवेदक असलेला अल बेल १९६५ मध्ये कंपनीत आला होता. जुना माल गेला तर नवा घडवू, असे त्याने ठरवले. १९६९ च्या मध्यावर एकदम २७ अल्बम बाजारात आणले गेले. त्यांतल्या आयझॅक हेजच्या ‘हॉट बटर्ड सोल’ने कंपनीला तारले. १९७२ मध्ये ‘शाफ्ट’ चित्रपटाच्या गीतासाठी हेजला ऑस्कर मिळाले. सर्वोत्कृष्ट गीताचा हा मान मिळवणारा तो पहिला काळा कलावंत. कापसाच्या शेतातून तिथपर्यंतचा हा प्रवास आहे. स्टेपल सिंगर्स या भक्तिगीते गाणाऱ्या कुटुंबाने स्वाभिमानाची गाणी गाऊन ती देशभर पोचवली.

२० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या मैदानात स्टॅक्सने ‘वॉटस्टॅक्स’ हा दिवसभराचा कार्यक्रम केला. १९६५ मध्ये त्या शहरातल्या वॉट्‌स वस्तीत काळ्यांचा उद्रेक झाला होता. त्याच्या सातव्या स्मरणाचा हा सोहळा. तिकीट एक डॉलर. एक लाखाहून अधिक माणसे आली. आपल्याकडे त्याच महिन्यात काय चालले होते? १५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्याच्या पंचविशीत ‘साधना’मध्ये राजा ढाले यांचा लेख आला आणि मराठी समाज हादरला. पाच दिवसांच्या अंतराने पृथ्वीच्या दोन टोकांना दोन अवमानित समाज आपण कोण आहोत ते मोठ्याने सांगत होते. एकमेकांचा आवाज मात्र त्यांना ऐकू येत नव्हता.

१९७२ मध्येच अल बेल कंपनीचा एकमेव मालक झाला. इथे गोष्ट संपली असती तर ती आपल्या भाषणांना फार सोयीची ठरली असती. आवाज काळ्यांचा आणि मालकीही काळ्याची! परंतु तीन वर्षांत कंपनी बुडाली. का बुडाली, हे नीट समजून घेतले पाहिजे.

मालकी हाती आली, पण वितरण सीबीएस या बलाढ्य कंपनीकडे होते. ज्या अधिकाऱ्याने हा करार केला, त्या क्लाइव्ह डेव्हिसला १९७३ मध्ये सीबीएसने काढून टाकले. नंतरच्या लोकांना स्टॅक्सशी देणेघेणे नव्हते. सीबीएसची यंत्रणा मोठ्या दुकानांसाठी होती. काळ्यांच्या वस्त्यांतली छोटी दुकाने, जिथे स्टॅक्सचे गिऱ्हाईक उभे असे, त्यांच्यापर्यंत माल पोचेना. सीबीएसकडून यायचे पैसे अडकले. मेम्फिसच्या युनियन प्लँटर्स बँकेचे कर्ज वाढत गेले. अंतर्गत कारभारही शिस्तीचा नव्हता. उधळपट्टी होती, हिशोब सैल होते. हे आपण लपवू नये. जिम स्ट्यूअर्टने कंपनी वाचवायला स्वतःची मालमत्ता तारण ठेवली आणि ती गमावली. डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या आदेशानुसार कर्मचाऱ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप लागले. अल बेलवर बँकेच्या फसवणुकीचा खटला भरला गेला. १९७६ मध्ये तो निर्दोष सुटला. पण तोवर वाचवण्यासारखे काही उरले नव्हते.

१९७७ मध्ये उरलेल्या टेपा कॅलिफोर्नियाच्या फँटसी कंपनीने घेतल्या. २००४ मध्ये फँटसीच दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवरची इमारत १९८९ मध्ये पाडली गेली. २००३ मध्ये त्याच जागी हुबेहूब इमारत उभारून संग्रहालय झाले. शेजारी वस्तीतल्या मुलांसाठी संगीताची शाळाही आहे. ही शाळा पाहून मन भरून येते. तरी शाळेतली मुले जी गाणी शिकतात त्यांच्या मूळ टेपा त्या वस्तीच्या नाहीत.

स्टॅक्सचा इतिहास दोन वेळा बुडण्याचा आहे. पहिल्या वेळी टेप आपली नव्हती. दुसऱ्या वेळी टेप आपली होती, पण दुकानापर्यंतचा रस्ता आणि पेढीतले भांडवल आपले नव्हते. ‘आपला माणूस मालक झाला की झाले’ असे मानणाऱ्यांनी हा दुसरा अध्याय पुन्हा वाचावा.

६

कल्याण ही भीमगीताची मॅक्लेमोर ॲव्हेन्यू आहे, असे म्हणण्याचा मोह मला होतो. प्रल्हाद शिंदे यांचे घराणे इथले. त्यांचा आवाज, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांचा आवाज, आता नातू आदर्श शिंदे याचा आवाज. इथल्या रेल्वे कामगारांच्या वस्त्यांनी गायकांना श्रोते दिले, मांडव दिले, वर्गणी दिली. परंतु तुलना इथेच अडते. कल्याणने आवाज दिला, स्टुडिओ मात्र इथे उभा राहिला नाही. ध्वनिमुद्रण मुंबईत, मालकी मुंबईत.

रेकॉर्डच्या तबकडीच्या काळात कोणते गाणे काढायचे हे मूठभर कंपन्या ठरवत. १९८० नंतर कॅसेट आली आणि चित्र बदलले. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, छोट्या कंपन्या निघाल्या, टेपरेकॉर्डर झोपडीत आला. ज्या गाण्याला आकाशवाणीवर तोकडी जागा होती ते गाणे रिक्षात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या वरातीत वाजू लागले. विठ्ठल उमप, सुषमादेवी, वैशाली शिंदे घराघरांत पोचले. हा खरा लोकशाहीचा क्षण होता. तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कॅसेटने प्रसार दिला, हिस्सा दिला नाही. एकरकमी बिदागी आणि एक सही, ही रीत पडली. गीतकाराचे नाव वेष्टनावर कधी बारीक अक्षरांत, कधी नाहीच. बाजाराला जे हवे ते गायकाने गायचे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्राला ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ने ठाऊक आहे, त्यांनी गायलेली भीमगीते ठाऊक असलेला महाराष्ट्र निराळा आहे. याबद्दल गायकाला दोष देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ज्यांना दर महिन्याला पगार मिळतो त्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, तो दोष जरा जपून द्यावा.

पुढे सीडी आली, मग मेमरी कार्ड आले. कल्याण स्टेशनबाहेर दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळू लागले. शेकडो गाणी, एकाचेही नाव नाही. कॅसेट कंपन्या बुडाल्या. त्यांच्या टेपा आणि हक्क हस्तांतरित होत गेले, आणि आता इंटरनेटवर त्याच गाण्यांना पुन्हा किंमत आली आहे. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ मध्ये गेले. विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेले. मोठ्यांची नावे तरी राहतील. गायन पार्टीतल्या माझ्या मामांसारख्या शेकडो माणसांचे काय?

माझ्या वर्गात मी एकदा विचारले, जयंतीला तुम्ही कोणती गाणी ऐकता? पोरांनी भराभर मुखडे सांगितले, काहींनी गाऊन दाखवले. मग विचारले, ही कोणी लिहिली? वर्ग गप्प झाला. वामनदादांचे नाव एका मुलीने घेतले. ते गाणे त्यांचे नव्हते. या शांततेला ती पोरे जबाबदार नाहीत. मी आणि माझ्यासारखे शिकलेले जबाबदार आहेत. आपण पाठ्यपुस्तकात जागा मिळवण्यासाठी भांडलो ते योग्यच केले, परंतु कॅसेटच्या वेष्टनावर कवीचे नाव यावे म्हणून कोणी भांडले नाही.

७

जात आणि वंश एक नव्हेत, मेम्फिस आणि कल्याण एक नव्हेत. तुलनेची मर्यादा ओळखूनच मी हे लिहितो आहे. तरी स्टॅक्सने शिकवलेल्या तीन-चार गोष्टी इथे कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट कागदाची. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रित गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला मानधनातला आपला वाटा करारात सोडून देता येत नाही, असे त्यात आले. गायकाच्या हक्कांचीही तरतूद झाली. हा कायदा आमच्या किती शाहिरांना ठाऊक आहे? जयंतीच्या मंडळांनी व्याख्यानमालेतले एक व्याख्यान यासाठी ठेवावे. सही करण्याआधी कागद वाचून दाखवणारा एक वकील प्रत्येक वस्तीत निघू शकतो. आता आपल्यात वकिलांची वाण नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. जुन्या कॅसेट बुरशीने चालल्या आहेत. माझ्या विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी कल्याण पूर्व, अंबरनाथ, कळवा इथल्या घरांतून कॅसेटची वेष्टने गोळा केली आणि वृद्ध गायकांना भेटून गाणे कोणाचे, चाल कोणाची, साथ कोणाची, हे वहीत लिहून घेतले. काम लहान आहे. पण मूळ टेप परत मिळणार नसेल तर निदान नाव परत मिळाले पाहिजे. मालकीचा दावा उद्या कधी करायचा झाला तर त्याचा आरंभही या वहीपासूनच होईल.

तिसरी गोष्ट जागेची. मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवर जे घडले ते वस्तीतल्या एका उघड्या दारामुळे घडले. आपल्या बुद्धविहारांना लागून, समाजमंदिरांत, एक खोली ध्वनिमुद्रणासाठी राखली तर? यंत्रे आता महाग नाहीत. जिथे गायन पार्टीला आपल्याच वादकांसह चार दिवस बसता येईल, चुकता येईल, पुन्हा गाता येईल, तिथे एका दिवसात उरकलेल्या आठ गाण्यांपेक्षा निराळे गाणे जन्मेल. आणि ही खोली एखाद्या धनिकाच्या नावावर नको, सभासदांच्या नावावर हवी. तिचा हिशोबही दर वर्षी मांडला गेला पाहिजे. अल बेलच्या कथेतला तो कटू भाग विसरून चालणार नाही.

आणि शेवटची गोष्ट समीक्षेची. भीमगीताला आपण कवितेच्या मागच्या दाराने आत घेतो, तेही ‘प्रबोधनाचे साधन’ म्हणून. साधनाला मालक असतो, कर्त्याला नाव असते. जोवर समीक्षा या गाण्याच्या कर्त्याला कर्ता म्हणून ओळखत नाही, तोवर बाजाराने त्याला ओळखावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मामांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी अजून देऊ शकलेलो नाही. एका वकील मित्राकडे आम्ही कागद दिले आहेत. जुन्या कराराची प्रत कोणाकडेच नाही. मात्र आमच्या वहीत त्या दोन गाण्यांपुढे कवी म्हणून मामांचे नाव लिहिले आहे, तारखेसह. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “चाल पण माझीच हाय, ते बी लिही.” मी लिहिले.